मालवणच्या पाण्यातली पांढरी प्रवाळं: नक्की काय बघितलं आम्ही?

कातळफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज विचारायचंच म्हणून लिहितेय.

गेल्या मे महिन्यात आम्ही मालवणला गेलो होतो. मुलगा दहा वर्षांचा, त्याला पाण्याखालचं बघायचं होतं. किल्ल्याच्या मागच्या बाजूला होडीने नेलं, मास्क लावला आणि खाली डोकं घातलं. मासे भरपूर होते. पण खडकांवर जागोजागी पांढरेशुभ्र गोळे दिसले, चुना फासल्यासारखे. काही घमेल्याएवढे, काही पोळपाटाएवढे. एक-दोन तर फिकट जांभळे, आतून दिवा लावल्यासारखे चमकत होते. मला तर ते सुंदरच वाटले. सोबतचा मुलगा म्हणाला, "ताई, फोटो काढा, पांढरं प्रवाळ फोटोत भारी येतं."

घरी आल्यावर लेकाने शाळेच्या प्रकल्पासाठी वाचायला घेतलं आणि संध्याकाळी रडवेला होऊन आला. "आई, ते आजारी होते आणि आपण त्यांच्याबरोबर फोटो काढले."

तेव्हापासून तीन प्रश्न डोक्यात आहेत. आम्ही पाहिलं ते खरंच विरंजन (प्रवाळाचा रंग उडणं, इंग्रजीत ब्लीचिंग) होतं का? ती प्रवाळं आता मेली असतील का? आणि आमच्यासारख्यांनी तिथे जावं की जाऊच नये?

---

अनुस्वार

वाचतेय. मालवणला प्रवाळ असतं हेच मला आत्ता कळलं. मला वाटायचं ते अंदमान नाहीतर ऑस्ट्रेलियात.

---

लाटांचा_हिशेब

कातळफूल, तुमच्या वर्णनावरून ते विरंजनच वाटतं. मी सागरी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रवाळ हा प्राणी. लहान तोंड, भोवती स्पर्शक आणि खाली स्वतः बांधलेला चुन्याचा पाया. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज यातून भागू शकते. त्याचा तपकिरी-हिरवट रंगही बहुतांशी या भाडेकरूंचाच.

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी वर गेलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर शैवालांचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं. त्यातून पेशींना घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार होऊ लागतात आणि प्रवाळ त्या शैवालांना बाहेर काढतं. मग उरते पारदर्शक कातडी, तिच्यातून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. म्हणजे पांढरं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. तुमचा फिकट जांभळा गोळाही बहुधा जिवंतच होता. शैवालं गेली की प्रवाळाची स्वतःची रंगद्रव्यं उठून दिसतात, काही जाती ती त्या काळात जास्तही बनवतात.

मेलं की लगेच ओळखू येतं. थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी बुरशीसारखी शैवालाची लव चढते. तुम्हाला स्वच्छ पांढरं दिसलं, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा खेळ संपलेला नव्हता. पाणी लवकर निवलं असेल तर शैवालं परत येतात. पावसाळा तोंडावर होता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मालवणला हे नवीन नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४पासून तिथल्या विरंजनाच्या नोंदी केल्या आहेत.

---

गिरगावची_मी

"उपाशी असतं" हे वाक्य मनात राहणार. छान समजावलंत सर.

अनुस्वार, मालवण सोडा, आमच्या मुंबईतसुद्धा आहे! हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या किनारफेरीत मी पहिल्यांदा बघितलं, आयुष्यभर त्या रस्त्याने बसने गेले आणि पत्ता नव्हता. सागरी किनारा रस्त्याच्या कामात त्यातल्या काही वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे बसवल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. त्यामुळे परवानगी घ्यावी लागली.

---

भटका_सुहृद

विषय चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. प्रवाळं पृथ्वीवर वीस कोटी वर्षांहून जास्त काळ आहेत. डायनासोर आले-गेले, हिमयुगं झाली, समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली-वर झाला. इतकं सगळं पचवलेला जीव एक अंशाने संपेल? निसर्ग आपलं बघून घेतो. आपण उगाच प्रत्येक गोष्टीत अपराधी वाटून घेतो असं मला मनापासून वाटतं.

---

लाटांचा_हिशेब

@भटका_सुहृद, मुद्दा प्रामाणिक आहे म्हणून उत्तरही नीट देतो.

हिमयुगानंतर समुद्र चढला तो हजारो वर्षांत. प्रवाळं वर-वर वाढत गेली, त्यांना वेळ मिळाला. आता वेळच नाही. पहिलं जागतिक विरंजन १९९८ला, दुसरं २०१०ला, तिसरं २०१४ ते २०१७ असं सलग तीन वर्षं चाललं. चौथं २०२३ला सुरू झालं आणि एप्रिल २०२४मध्ये तसं जाहीर झालं. पहिल्या वेळी जगातल्या प्रवाळक्षेत्राच्या २१ टक्के भागाला विरंजनाच्या पातळीची उष्णता लागली होती. चौथ्यात एप्रिल २०२५पर्यंत हा आकडा ८४ टक्क्यांवर गेला.

आणि वीस कोटी वर्षांचं म्हणाल तर खरंच आहे, प्रवाळ नावाचा प्राणी कुठेतरी उरेल. पण पूर्वी मोठे विनाश झाले तेव्हा प्रवाळखडक पुन्हा उभे राहायला लाखो वर्षं लागली. तोवर त्या खडकांच्या आडोशाने राहणारी माणसं कुठे जाणार?

---

पांढरी_वाळू

शेवटच्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी बँकेच्या नोकरीत तीन वर्षं लक्षद्वीपला, कवरत्तीत होतो. २०१६चा उन्हाळा मी तिथे काढला.

आधी ते बेट कसं आहे ते सांगतो. एका टोकाला उभं राहिलं तर दोन्ही बाजूंचा समुद्र ऐकू येतो. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम एक-दोन मीटर. डोंगर नाही, नदी नाही. पायाखालची वाळू म्हणजे प्रवाळाचाच चुरा. पश्चिमेला लगून म्हणजे उथळ, शांत पाणी, त्याच्या कडेला प्रवाळाची भिंत आणि त्या भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ. पावसाळ्यात त्या रेघेपलीकडे समुद्र खवळलेला असतो आणि अलीकडे लगूनमध्ये पोरं पोहतात. माझे घरमालक म्हणायचे, आमचं बेट समुद्रात नाही, त्या भिंतीच्या कुशीत आहे.

२०१६च्या एप्रिलमध्ये लगूनचं पाणी संध्याकाळीसुद्धा न्हाणीघरातल्या बादलीसारखं कोमट लागायचं. मी रोज पोहायचो. पहिल्या आठवड्यात रंग फिके झाले. मग शाखांची प्रवाळं पांढरी पडली, अक्षरशः हाडांसारखी. मे संपेपर्यंत त्यांच्यावर शेवाळ. वर्षभराने त्याच जागी पाय टेकला तर खाली नुसता खच, काटक्यांसारखा कडकड वाजणारा. माझ्या घरमालकांनी तो आवाज ऐकला आणि बोलणं थांबवलं. त्यांनी १९९८ही पाहिलं होतं, २०१०ही.

नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनची माणसं तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मोजमाप करताहेत. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या नोंदींवरून त्यांनी काढलेलं आहे की जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८च्या सुमाराला ३७ टक्के होतं, ते चोवीस वर्षांत २० टक्क्यांच्या खाली आलं. माझ्या डोक्यात बसलं ते त्यांचं दुसरं निरीक्षण. सावरण्याचा वेग आधी अगदी कमी असतो, सलग सहाएक वर्षं शांततेची मिळाली की मग तो वाढतो. आता तारखा मांडा: १९९८, २०१०, २०१६, २०२४. बारा वर्षं, सहा वर्षं, आठ वर्षं. चालायला लागलं की पुन्हा पाय मोडतोय.

---

अनुस्वार

अंगावर काटा आला. @पांढरी_वाळू, यावर वेगळा लेख लिहा, आग्रहाची विनंती.

---

नागपूरचे_आजोबा

माझा प्रश्न कदाचित विषयाला सोडून असेल, सांभाळून घ्या. मंगळासाठी माझ्या बोटात गेली चाळीस वर्षं पोवळं आहे. हा धागा वाचून काल रात्री अंगठी काढून ठेवली. मी याच प्रवाळाचा तुकडा घालून फिरतोय काय?

---

लाटांचा_हिशेब

आजोबा, तुमचा प्रश्न अजिबात विषय सोडून नाही. पोवळं वेगळं. ते लाल प्रवाळ मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढणारं. त्याच्यात शैवालं राहत नाहीत आणि ते मालवण-लक्षद्वीपसारखे खडकही बांधत नाही. इटलीतलं तोरे देल ग्रेको हे गाव त्याच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. भूमध्यातलं पोवळं भारतात रोमन काळापासून येतंय.

मात्र त्याचीही वाढ अतिशय मंद, वर्षाला मिलिमीटरच्या अंशात. अतिउपसा झालाय आणि १९९९च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी तापलं तेव्हा तेही मेलं. तुमची चाळीस वर्षांची अंगठी खुशाल घाला. नवीन घेऊ नका, एवढंच सांगेन.

---

नागपूरचे_आजोबा

घातली परत. नातवासाठी एक घ्यायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. हीच त्याला देईन.

---

रापणकर

तुमी सगळे बोलतास ता बरा बोलतास, पण माका थोडा सांगाचा आसा. (पुढे मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.)

माझा जन्म मालवणच्या दांडीचा. आमच्या घरात रापण. म्हणजे किनाऱ्यावरून अर्धगोलात जाळं टाकायचं आणि पन्नास-साठ माणसांनी दोन्ही बाजूंनी ओढायचं. त्या जाळ्याला खडप चालत नाही, फाटतं. म्हणून आमच्या आज्याला पाण्याखालचं प्रत्येक खडप तोंडपाठ. तुम्ही ज्याला प्रवाळ म्हणता त्याला आम्ही कधी हात लावला नाही. मासा खडपात राहतो, पोरं तिथे घालतो, हे शिकायला आम्हाला शाळा लागली नाही.

१९८७ साली सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. आमच्या लोकांना विचारलं कुणी? नाही. आमच्या पोटावर पाय येणार म्हणून आम्ही विरोध केला, अजूनही करतो. आणि मधल्या इतक्या वर्षांत प्रवाळाला त्या कागदाचा काय फायदा झाला? बाहेरून पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याने सगळी झुंड उचलणारे, येऊन मासा घेऊन जातात. ट्रॉलर तळ खरवडतात. फाटलेली नायलॉनची जाळी खडपात अडकून वर्षानुवर्षं मासे मारत राहतात. नांगर रोज प्रवाळावर पडतात, त्याला कोण विचारतं? शिक्षा म्हटली की पहिला छोटा मच्छीमार दिसतो.

समुद्र तापतोय हे आम्हाला पण कळतं. पण गरम पाणी मी थांबवू शकत नाही. नांगर थांबवता येतो. त्याबद्दल बोला.

---

पांढरी_वाळू

@रापणकर, नमस्कार. तुमच्या शेवटच्या ओळीशी शंभर टक्के सहमत, आणि लक्षद्वीपचा दाखला तुमच्याच बाजूने आहे. तिथला मुख्य धंदा कुप्याचा (टूना माशाचा), तोही काठी आणि गळाने एकेक मासा वर ओढून. कुपा खुल्या समुद्रातला, त्यामुळे प्रवाळातल्या माशांवर ताण कमी राहिला. पोपट मासा आणि त्याचे शैवाल खाणारे भाऊबंद शिल्लक राहिले. मेलेल्या प्रवाळावर शैवाल माजलं तर प्रवाळाच्या नवीन पिल्लांना चिकटायला जागा मिळत नाही. हे मासे ते खरवडून साफ ठेवतात. १९९८नंतर तिथली प्रवाळं जी काही सावरली त्यात या मच्छीमारीचा वाटा आहे असं तिथे काम करणारे अभ्यासक सांगतात. आता प्रवाळातल्या माशांनाही बाहेर गिऱ्हाईक मिळू लागलंय, हीच काळजी आहे.

---

डुबकी

मी तारकर्लीला डायव्हिंग शिकवतो. रापणकरकाकांनी जे लिहिलं त्यातलं नांगराचं आमच्याच धंद्याला लागू आहे, मान्य करतो.

रोज काय बघतो ते सांगतो. पोहता न येणारी माणसं घाबरली की पहिला आधार शोधतात आणि तो आधार म्हणजे प्रवाळ. उभेच राहतात त्यावर. हातभर गोळा तयार व्हायला कित्येक दशकं लागलेली असतात. त्यावर टाच घासली की ती कातडी सोलते, तिथून रोग शिरतो. दुसरं, मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकतात. पट्टेरी मासे झुंडीने येतात, गिऱ्हाईक खूश. पण तेच ते दांडगे मासे वाढतात, बाकीचे हटतात आणि शैवाल खायचं काम कोण करणार? पावावर पोट भरलं की संपलं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही टाकलाय पाव. कुणी सांगितलं नव्हतं.

उपाय अवघड नाहीत. ठरलेल्या जागी कायमचे बोये, होडी त्यांनाच बांधायची, नांगर नाही. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उथळ वाळूवर सराव. एका वेळी मोजकी माणसं. आम्ही चार-पाच जणांनी सुरू केलंय. पण शेजारची होडी निम्म्या पैशात तीस माणसं नेते तेव्हा टिकणं कठीण जातं.

आणखी एक. प्रवाळ लावतासुद्धा येतं. तुतिकोरिनच्या सुगंधी देवदासन सागरी संशोधन संस्थेच्या मदतीने मालवणला सिमेंटच्या चौकटींवर तुकडे बांधून रोपण झालेलं आहे. मी त्यातले वाढलेले बघितलेत. माझा त्यावर विश्वास आहे.

---

केर्न्सवासी

मूळची रत्नागिरीची, आता बारा वर्षं ऑस्ट्रेलियातल्या केर्न्समध्ये, ग्रेट बॅरिअर रीफ या प्रचंड प्रवाळरांगेच्या दारात. इथेही तेच वाद, फक्त आकडे मोठे. २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४... मोठ्या विरंजनांच्या वर्षांची यादी मुलांना पाढ्यासारखी पाठ झालीय.

@डुबकी, रोपणाबद्दल मन मोडायचं नाही, पण फ्लॉरिडाचं उदाहरण ठेवते. तिथे प्रवाळ रोपणाचं काम कित्येक वर्षं, मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. जुलै २०२३मध्ये मॅनाटी बे या उथळ खाडीत पाणी ३८.४ अंशांवर गेलं. त्याच महिन्यात सोम्ब्रेरो रीफवर लावलेली प्रवाळं शंभर टक्के मेल्याचं ती लावणाऱ्या संस्थेनेच कळवलं. रोपवाटिकांमधली प्रवाळं लोकांनी जिवाच्या आकांताने जमिनीवरच्या टाक्यांत हलवली. तरी आम्ही इथे रोपण करतो, प्रवाळाच्या अळ्या सोडतो, उष्णता सोसणाऱ्या जाती निवडून वाढवतो. करायलाच हवं. पण तापत्या पाण्यात रोप लावणं म्हणजे पेटलेल्या वणव्यात वृक्षारोपण, हे विसरता येत नाही.

---

अबुधाबीकर

उष्णता सोसण्यावरून आठवलं. आमच्या आखातातली प्रवाळं उन्हाळ्यात ३४-३५ अंशांच्या पाण्यात जगतात. मालवणची त्यात उकडून निघतील. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात. मला वाटायचं, चला, आपल्याकडचे तरी पैलवान आहेत. २०१७च्या उन्हाळ्यात वारा पडला, पाणी आणखी तापलं आणि अबुधाबीच्या किनाऱ्यावरची जवळपास सगळी प्रवाळं पांढरी पडली, दोन तृतीयांशाच्या आसपास मेली. पैलवानालाही मर्यादा असते.

---

गिरगावची_मी

सगळीकडून वाईटच बातम्या येताहेत. काही चांगलं आहे का हो?

---

लाटांचा_हिशेब

आहे. तीन गोष्टी सांगतो.

एक, मालवणची प्रवाळं मुळात गढूळ पाण्याला सरावलेली. पावसाळ्यात लाल माती, वर्षभर लाटांनी ढवळलेला गाळ. म्हणून तिथे नाजूक शाखांपेक्षा गोळ्यासारख्या आणि थरांच्या चिवट जाती जास्त. गढूळपणा उन्हाची धार कमी करतो, त्यामुळे अशा जागा विरंजनात थोड्या बचावतात का, यावर अभ्यास चाललाय. गाळ जास्त झाला तर मात्र तोच गाळ गुदमरवतो.

दोन, आंग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. माथा साधारण वीस मीटर पाण्याखाली. किनाऱ्याचा गाळ तिथे पोचत नाही, नांगर टाकणारे पर्यटक नाहीत, पाणी स्वच्छ. तिथे प्रवाळ भरभरून आहे. अशी जागा शाबूत राहिली तर ते इतरांसाठी बियाण्याचं कोठार ठरू शकतं. तिला लवकर संरक्षण मिळायला हवं, आणि रापणकरांच्या मुद्द्याप्रमाणे मच्छीमारांना सोबत घेऊन.

तीन, रापणकरांचा नांगर. विरंजनातून वाचलेलं प्रवाळ अशक्त असतं, आजारी माणसासारखं. त्या काही महिन्यांत त्याला गाळ, सांडपाणी, टाच, नांगर यातलं काहीही नको असतं. जगाचं तापमान कमी होईपर्यंत त्याला तग धरायला लावणं, एवढंच स्थानिक पातळीवर होऊ शकतं. पण तेवढं होऊ शकतं. १.५ अंशांच्या वाढीत जगातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील आणि २ अंशांत ९९ टक्क्यांहून जास्त, असं आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने, २०१८लाच सांगितलंय. उरणाऱ्या दहा ते तीस टक्क्यांत मालवण असावं असं मला वाटतं.

---

भटका_सुहृद

मी वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. वेगाचा मुद्दा मी धरला नव्हता, तो पटला. मच्छीमारांना वगळून केलेल्या संरक्षणाबद्दल मात्र माझी शंका कायम आहे.

---

अनुस्वार

सनस्क्रीनचं काय? हवाईमध्ये काही रसायनांवर बंदी आहे ना?

---

डुबकी

हो, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर, २०२१पासून. उष्णतेपुढे हा त्रास लहान, पण टाळायला सोपा. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. ऊन लागत नाही, क्रीमचा खर्च वाचतो आणि जेलीफिशही कमी झोंबते.

---

कवठी_चाफा

इतकं मालवण मालवण वाचून मला फक्त बांगड्याचं तिखलं आठवतंय, माफ करा.

---

रापणकर

माफी कसली, येवा. पण जूनमध्ये नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, मासा पोरं घालतो. तेव्हा खारवलेला खा.

---

कातळफूल

धागा सात महिन्यांनी वर आणतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पुन्हा मालवणला गेलो. लेकाने मे महिन्यातल्या फोटोंमधून अकरा गोळे निवडले, प्रत्येकाला नंबर दिला आणि कागद प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवला. यावेळी होडी निवडताना मी आधी विचारलं, नांगर टाकता की बोयाला बांधता? पहिल्या तिघांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. चौथा म्हणाला, बोया आहे. त्याचे पैसे जास्त होते, आम्ही दिले. आधी वाळूवर सराव झाला. पाव नाही. एका वेळी चार माणसं.

अकरापैकी सात सापडले. चार पूर्ण तपकिरी, म्हणजे परत रंगात आले होते. लेक पाण्यातच ओरडला, नळीत पाणी गेलं. दोन अर्धे: एका बाजूला जिवंत, दुसऱ्या बाजूला ती सरांनी सांगितलेली हिरवट लव. एक पूर्ण मेलेला, आणि त्याच्या शेजारी खडकावर ताजा ओरखडा होता, नांगराचाच असावा असं होडीवाला म्हणाला. उरलेले चार कुठे गेले कळलं नाही. पाणी त्या दिवशी गढूळ होतं.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्यापुरतं ठरवलंय. जायचं. पण विचारून, जास्त पैसे देऊन, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा. लेकाने पुढच्या मे आणि डिसेंबरच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच खुणावल्यात.

---

लाटांचा_हिशेब

सातपैकी चार! हे फोटो, तारखा आणि जागेसकट जपून ठेवा. त्याच वसाहतीचे ठरावीक अंतराने काढलेले फोटो म्हणजे खरी नोंद असते. पुढच्या वेळी बाजूला एक मोजपट्टी धरून फोटो काढायला सांगा त्याला.

---

रापणकर

बाय, ओरखड्याचो फोटो माका धाड. आयतवारी आमच्या होडीवाल्यांची बैठक आसा. थंय दाखवतंय. आणि झिलाक सांग, चार नंबर गावले नाय ते मी बघतंय. पाणी निवळ झाला की जातंय.